डोक्याला शॉट, उत्तर भन्नाट! कोड्यांची सांगली-सातारा एक्स्प्रेस

मंडळी, वॉर्म-अप म्हणून ही संख्यामालिका घ्या: ०९, १०, ५०, ११, ? प्रश्नचिन्हाच्या जागी काय येईल?

बेरीज करून पाहिलीत? वर्ग, घन, मूळ संख्या? पेन खाली ठेवा. कोल्हापुरातून गाडी काढा आणि पुण्याकडे जाणारा हायवे धरा. कोल्हापूर म्हणजे एमएच-०९. वाळवा तालुका लागला की सांगली जिल्हा, एमएच-१०. मग कराड, एमएच-५०. पुढे सातारा, एमएच-११. खंबाटकी ओलांडून, शिरवळच्या पुढे नीरा नदी पार केली की पुणे. उत्तर १२! मधला ५० कुठून घुसला? कराडला स्वतःचं पासिंग उशिरा मिळालं, तोवर लागोपाठचे नंबर वाटून संपले होते.

गणितात नापास, भूगोलात डिस्टिंक्शन. या एक्स्प्रेसमध्ये असंच होणार आहे, तेव्हा सीट बेल्ट लावा!

सरळ नको, आडवं चला

माहीत आहे का, अशा तिरकस विचाराला ‘लॅटरल थिंकिंग’ हे नाव कुणी दिलं? माल्टाच्या एडवर्ड डी बोनो या डॉक्टरनं, १९६७ मध्ये. पेशानं वैद्य, पण आयुष्यभर लोकांच्या विचारांनाच इंजेक्शन देत राहिला. त्याचं म्हणणं साधं: प्रश्न सुटत नसेल तर जोर वाढवू नका, बाजू बदला.

आपल्याकडे हे धडे स्कॉलरशिपच्या वयातच मिळतात. ‘संख्यामालिका पूर्ण करा’, ‘विसंगत पद ओळखा’, आठवतंय ना? बुद्धिमत्ता चाचणीचा तो जाडजूड गाईड सांगली-साताऱ्याच्या किती घरांत भावंडांमध्ये वारशानं फिरला असेल! (पहिल्या भावानं पेननं उत्तरं लिहून ठेवलेली असायची, हा वेगळा छळ.)

सांगलीचा पिनकोड: डबल धमाका

सांगली शहराचा पिनकोड माहीत आहे का? ४१६४१६. तीन आकडे, पुन्हा तेच तीन आकडे. पोस्टमनसुद्धा विसरणार नाही.

आता कॅल्क्युलेटर काढा. ४१६४१६ ला ७ नं भागा: ५९४८८. त्याला ११ नं भागा: ५४०८. त्याला १३ नं भागा: ४१६. बाकी कुठेच उरली नाही आणि निम्मा पिनकोड हातात आला!

जादू? छे, जुगाड. ७ गुणिले ११ गुणिले १३ म्हणजे १००१. कुठल्याही तीन आकडी संख्येला १००१ नं गुणलं की ती स्वतःच्याच शेजारी पुन्हा येऊन बसते. हे लग्नाच्या पंगतीत करून दाखवा. पाहुण्यांना तीन आकडी संख्या दोनदा लिहायला सांगा, ७, ११ आणि १३ नं भागायला लावा, आणि जिलेबी येईपर्यंत भाव खा.

सगळे रस्ते ६१७४ ला जातात

आता भेटा या खेळाच्या मराठी सुपरस्टारला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकी. छंद? आकड्यांशी गप्पा.

त्यांची ट्रिक अशी. चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून छोटी वजा करा. उत्तराशी पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलंत की गाडी एकाच स्टेशनात थांबते: ६१७४!

करून बघू? साताऱ्याजवळच्या लिंब गावातली प्रसिद्ध विहीर बांधायला १७१९ मध्ये सुरुवात झाली. तेच साल घ्या. ९७११ वजा ११७९ बरोबर ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. दोन पायऱ्यांत पोचलो! विहिरीला पायऱ्या त्याहून बऱ्याच जास्त आहेत.

१९४९ मध्ये कापरेकरांनी ही गंमत मांडली. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या कोड्यांच्या बादशहानं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभर पोचले. आता आनेवाडी किंवा तासवडेच्या टोलनाक्यावर रांगेत अडकलात, तर पुढच्या गाडीचा नंबर घ्या आणि सुरू करा. रांग हलायच्या आत ६१७४ येईल, ही गॅरंटी!

सातारकरांनो, हे वाचून चिडू नका

कापरेकरांनी आणखी एक जात शोधली: हर्षद संख्या. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो ती. हर्ष देणारी, म्हणून हर्षद.

आता बघा. ०९ ला ९ नं भाग जातो: कोल्हापूर खूश. १० ला १ नं जातो: सांगली खूश. ५० ला ५ नं जातो: कराड खूश. १२ ला ३ नं जातो: पुणेसुद्धा खूश (नोंद घ्या, असं रोज होत नाही). आणि ११? अंकांची बेरीज २. भाग जात नाही. साताऱ्याला हर्ष नाही!

निदान पिनकोड? सांगलीच्या ४१६४१६ च्या अंकांची बेरीज २२, भाग जातो १८९२८ वेळा, चोख. साताऱ्याचा ४१५००१, बेरीज ११, भाग पुन्हा जात नाही.

पण सातारकरहो, कॉलर टाइट करा. ११ ही मूळ संख्या आहे. एक आणि स्वतः सोडून कुणाकडूनही ती भाग लावून घेत नाही. गादीचं गाव आहे, उगाच कुणापुढे वाकेल होय?

डोंबिवलीचा पिरॅमिड आणि स्वयंभू आकडे

११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. दीपमाळेसारखे वर चढून खाली उतरणारे हे आकडे. कापरेकरांनी त्यांना ‘डेम्लो’ म्हटलं, कारण कल्पना सुचली तेव्हा ते डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या ‘डेम्लो’, स्टेशनात होते. लोकल चुकली तर माणसं वैतागतात, मास्तरांनी संख्यांचं बारसं उरकलं.

आणि ‘स्वयंभू’ संख्या? कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून जी तयारच होत नाही, ती स्वयंभू. १३ मध्ये १ आणि ३ मिळवले की १७ होतात, म्हणजे १७ स्वयंभू नाही. २० मात्र कशातूनच निघत नाही. नंबर प्लेटांच्या आपल्या मालिकेत स्वयंभू एकच: ०९. जय अंबाबाई!

पाढ्यांमध्ये लपलेलं साल

१ ते ९ चे पाढे घ्या, प्रत्येक नऊपर्यंत. एकूण ८१ उत्तरं. सगळ्यांची बेरीज किती? २०२५!

त्यातच आणखी एक. २० अधिक २५ म्हणजे ४५, आणि ४५ चा वर्ग पुन्हा २०२५. अशा ४५ ला म्हणतात कापरेकर संख्या. ही गंमत पुढच्या वेळी कुठल्या सालात दिसेल? ३०२५ मध्ये, कारण ३० अधिक २५ म्हणजे ५५ आणि ५५ चा वर्ग ३०२५. डायरीत लिहून ठेवा, हजार वर्षं काय, अशी जातील.

विसंगत पद ओळखा

१९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९, ९९. यातलं कुठलं पद गटात बसत नाही?

मूळ संख्या शोधू नका, मोठ्यानं वाचा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस… एकोणनव्वद… आणि नव्व्याण्णव! आठ जण ‘एक कमी’ म्हणून रांगेत शिस्तीत उभे, आणि शेवटचा पठ्ठ्या ‘एकोणशंभर’ व्हायला साफ नकार देतो. हे कोडं जगातल्या कुठल्याही गणिताच्या प्रोफेसरला घाला. मराठी येत नसेल तर तो गेला कामातून.

आजोबांना आणखी पुढचं विचारा: औटकी येते का? औट म्हणजे साडेतीन, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, मग औटकी. जुन्या शाळेत अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. आज आपण ‘हाफ प्लेट’चा हिशेबसुद्धा मोबाइलवर करतो.

साडेतीन शहाणे, पण अर्धा कोण?

साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन मुहूर्त, आणि पेशवाईतले साडेतीन शहाणे! सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण. अर्धे कोण? साक्षात नाना फडणवीस!

एवढा मोठा मुत्सद्दी आणि मार्क अर्धे? सांगतात ते असं, की बाकीचे तिघे अक्कल आणि तलवार दोन्ही चालवत. नानांचा एकच पेपर चांगला गेला होता.

या नानांचा वाडा वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या काठी. तिथल्या घाटावर एक कोडं टांगलेलं आहे. देवळाची घंटा, पण तिच्यावर मरियम आणि बाळ येशू! साल कोरलंय १७०७. सांगा, कशी आली?

उत्तर वसईला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. त्यातली ही एक. प्रार्थनेची जागा बदलली, आवाज तोच राहिला.

बारा म्हणायचं, पंधरा मोजायचं

लिंब गावातली ती विहीर आठवते ना, १७१९ वाली? नाव ‘बारामोटेची विहीर’. आता जाऊन मोजा. मोटांसाठी थारोळी किती? पंधरा!

मग नाव चुकलं का? अजिबात नाही. जागा पंधरांची, पण एका वेळी मोटा चालायच्या बारा. विरूबाई भोसले यांनी बांधलेली ही विहीर वरून पाहिली तर शिवपिंडीसारखी दिसते, आणि आत चक्क महाल आहे. पाण्यात महाल की महालात पाणी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

जाता जाता जुन्या वास्तूंसाठी फुकटची टिप: शिलालेखात शके साल दिसलं की ७८ मिळवा, इसवी सन हजर. शके १६४१? १७१९. सोप्पं!

बत्तीस की एकतीस?

१, २, ४, ८, १६, ? बत्तीस शिराळ्याचा माणूस झोपेतून उठूनही सांगेल: बत्तीस!

थांबा. एक भाकरी घ्या. कडेवर दोन ठिपके द्या आणि सुरीनं जोडा: दोन तुकडे. तीन ठिपके, सगळे एकमेकांना जोडा: चार तुकडे. चार ठिपके: आठ. पाच ठिपके: सोळा. मालिका कशी मस्त चाललीय! आता सहा ठिपके द्या, तुकडे मोजा. जास्तीत जास्त एकतीस! बत्तिसावा तुकडा कुणी खाल्ला?

कुणीच नाही. चार वेळा दुप्पट झालं म्हणून पाचव्यांदाही होईलच, असा करार भाकरीनं केलाच नव्हता. शेअर बाजारवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

चार झटपट तिरकस कोडी (सगळी खरी!)

एक. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. आग नाही, पूर नाही, युद्ध नाही. तरी घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. का?
उत्तर: कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव. मुलांनी अभ्यास करावा आणि माणसांनी माणसांशी बोलावं म्हणून २०२२ मध्ये गावानं हा नियम केला. साडेआठपर्यंत स्क्रीनला सुट्टी.

दोन. दोन बहिणी एकाच घरातून निघाल्या, वेगवेगळ्या वाटांनी गेल्या आणि कराडला समोरासमोर येऊन धडकल्या. एकीलाही लागलं नाही. कोण त्या?
उत्तर: कृष्णा आणि कोयना. माहेर महाबळेश्वर, भेट कराडच्या प्रीतिसंगमावर.

तीन. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून एक फळभाजी मिरजेला येते. तिथे तिला कुणी शिजवत नाही. उलट तिच्या तोंडून सूर निघावा म्हणून महिनोन्‌महिने मेहनत घेतात. कोण ही?
उत्तर: भोपळा! मिरजेत त्याचा तंबोरा आणि सतार होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

चार. एका गावात अनोळखी माणूस थेट कुणाच्याही घरात शिरतो, खुर्चीत बसतो, कपाट उघडतो. घरमालक पोलिसांना बोलवत नाही, वर हसतो. का?
उत्तर: पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार, पुस्तकांचं गाव. २०१७ पासून इथल्या घराघरांत वाचनालयं आहेत. घुसा आणि वाचा!

फुलांचं कॅलेंडर आणि किड्यांचं गणित

माहीत आहे का, कास पठारावरची टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते? आणि सह्याद्रीतली तिची थोरली बहीण कारवी आठ वर्षांतून एकदा. आता कोडं: दोघी एकाच वर्षी फुलल्या, तर पुन्हा एकत्र कधी फुलतील? सात गुणिले आठ, ५६ वर्षांनी! लसावि शाळेत शिकवतात तेव्हा कासला सहल का नेत नाहीत, कळत नाही.

अमेरिकेतले सिकाडा किडे याहून चलाख. काहींच्या पिल्लावळीला बाहेर यायला १३ वर्षं लागतात, काहींना १७. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे गर्दी एकत्र होणं महाकठीण. १३ आणि १७ वर्षांच्या दोन विशिष्ट झुंडी २०२४ मध्ये एकत्र निघाल्या. त्याआधी कधी? १८०३ मध्ये. बरोबर २२१ वर्षं! (सतरा वर्षं जमिनीत दडून बसणाऱ्याला आमच्याकडे चिवट सातारी म्हटलं असतं.)

बारा वर्षं, पण थोडी कमी

वाईला बारा वर्षांनी कन्यागत भरतं. गुरू ग्रह कन्या राशीत आला की कृष्णाकाठ फुलून जातो. मागचं कन्यागत २०१६ मध्ये लागलं.

पण गुरूला सूर्याभोवती फिरायला लागतात ११.८६ वर्षं. म्हणजे दर फेरीत तो थोडा लवकर पोचतो. साठतं साठतं आणि मग कधीतरी बाराऐवजी अकराच वर्षांनी पर्व येतं. खोटं वाटतं? हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्ये झाला! १२, १२, १२, ११… अशी मालिका स्कॉलरशिपला आली असती तर आपण प्रिंटिंग मिस्टेक म्हणून सोडून दिली असती.

खिल्लार गाईचं खटलं

माण-आटपाडीकडच्या गोपालकांनो, हे खास तुमच्यासाठी. नारायण पंडितानं १३५६ मध्ये ‘गणितकौमुदी’ लिहिली. त्यात एक कोडं: एक गाय दर वर्षी एक कालवड देते. प्रत्येक कालवड तीन वर्षांची झाली की तीही दर वर्षी एक देऊ लागते. वीस वर्षांत गोठ्यात किती गाई?

मालिका अशी पळते: १, २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८… मागचं पद आणि मागून तिसरं पद, दोघांची बेरीज. वीस वर्षांनी आकडा येतो २७४५! एका दावणीला सुरुवात, शेवटी छावणी काढायची वेळ.

जगभरच्या संख्यामालिकांचं एक ऑनलाइन कोठार आहे. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये कार्डांवर सुरू केलेलं, आज तिथे साडेतीन लाखांहून जास्त मालिका. नारायण पंडिताच्या गाई तिथेही बांधलेल्या आहेत: दावण क्रमांक ए-०००९३०.

विष्णूचे हात, शंकराचे हात

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त विचारलं: विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. वस्तूंची अदलाबदल केली तर मूर्ती किती प्रकारच्या? चोवीस. आणि संध्येत केशव, नारायण, माधव करत नावं किती घेतात? चोवीसच!

मग दहा हातांचा शंकर? दहा आयुधं, प्रकार ३६,२८,८००. दर सेकंदाला एक मूर्ती बदलत गेलात तर किती वेळ लागेल माहीत आहे का? बरोबर ४२ दिवस. एक सेकंद कमी नाही, एक सेकंद जास्त नाही.

भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाचा शिलालेख पाटणला आहे. साताऱ्यातलं पाटण नव्हे हं, चाळीसगावजवळचं! गणिताला गाव शोभतंय: चाळीस.

ऑयलरला मराठी शह

सुडोकू सोडवता? मग श्रीखंडेंना नमस्कार करा. थोर गणिती ऑयलरनं १७८२ मध्ये अंदाज बांधला, की ६, १०, १४, १८ अशा आकारांत एक विशिष्ट दुहेरी चौकट जमणारच नाही. सुमारे पावणेदोनशे वर्षं ते कुणी खोडू शकलं नाही. १९५९ मध्ये शरदचंद्र श्रीखंडे, राज चंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर या त्रिकुटानं तो अंदाज खोडून दाखवला. बातमी थेट ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर! ६ सोडला तर ऑयलरची अख्खी रांग आडवी. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात शिकवत होते आणि १०२ वर्षं जगले.

सवाल आला, जवाब द्या

कोडी सोडवणं म्हणजे एकट्यानं पेन चावत बसणं, असं कुणी सांगितलं? आपल्याकडे त्याचा लाइव्ह शो होता. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. डफ-तुणतुण्यावर एका फडानं भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे गाण्यातच उकलायचा. नाही सुटला, तर भर गर्दीत मान खाली. गुगल नाही, लाइफलाइन नाही, ‘फोन अ फ्रेंड’ तर नाहीच!

तमाशाच्या या दुनियेतला बादशहा वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा: पठ्ठे बापूराव. आणि १९६४ च्या मराठी सिनेमाचं तर नावच होतं ‘सवाल माझा ऐका’.

चौसष्ट? पुन्हा मोजा!

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळानं इथे पिढ्या घडवल्या. म्हणून हा प्रश्न सांगलीकरांनाच: पटावर चौरस किती?

चौसष्ट म्हणालात तर शह! चार घरांचा एक चौरस, नऊ घरांचा एक, असे सगळे मोजा. ६४, ४९, ३६, २५, १६, ९, ४ आणि अख्खा पट १. एकूण २०४. आणि मात!

कृष्णाकाठी वाघ, शेळी आणि गवत

नावेत नावाडी आणि एकच गोष्ट मावते. पलीकडे न्यायचेत वाघ, शेळी आणि गवताचा भारा; नावाडी नसला की वाघ शेळीला खाणार आणि शेळी गवत. हे कोडं आजीचं वाटतं ना? लेखी नोंद मात्र बाराशे वर्षं जुनी, इंग्लंडमधल्या यॉर्कच्या अल्क्विन नावाच्या पंडिताच्या नावावर. तिथे लांडगा, शेळी आणि कोबी होता. कोबीचा आपल्याकडे भारा झाला!

किल्ली कुठे आहे माहीत आहे का? एकदा पलीकडे नेलेली शेळी परत आणायची. बहुतेकांचं डोकं तिथेच अडतं, कारण मागे येणं म्हणजे हरणं, असं आपल्याला वाटत असतं. सात फेऱ्यांत सगळे पार, वाघ उपाशी.

आता तुमची पाळी!

क. ५, ७, ८, १०, ३२. दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा समोर ठेवा आणि सांगा, ही कुठली मालिका?

ख. साताऱ्याहून कंदी पेढ्यांचे नऊ बॉक्स आणले. एकात पेढा कमी. जुना तराजू, वजनं नाहीत, आणि फक्त दोनदा तोलायची परवानगी. हलका बॉक्स शोधा.

ग. सांगलीहून एसटी निघाली, साताऱ्याहून त्याच वेळी सायकलवाला. वाटेत दोघं भेटले. त्या क्षणी सांगलीच्या जास्त जवळ कोण?

घ. कापरेकरांच्या ट्रिकमध्ये तीन आकडी संख्या घेतली, तर गाडी कुठल्या स्टेशनात थांबते?

उत्तरं. क: पाचगणी, सातारा, आष्टा, दहिवडी, बत्तीस शिराळा. ख: तीन-तीनचे गट करा. पहिल्यांदा दोन गट तोला, हलका गट कळेल (समान भरले तर तिसरा). मग त्या गटातले दोन बॉक्स तोला. ग: दोघंही सारख्याच अंतरावर, भेटलेत ना! घ: ४९५.

चारही बरोबर आली असतील तर पेढे तुम्हीच वाटा. आणि एक विनंती: यातलं एखादं कोडं आजच घरात कुणाच्या तरी गळ्यात मारा, पण उत्तर लगेच सांगू नका. चहा उकळेपर्यंत तरी समोरच्याला डोकं खाजवू द्या, खरी मजा तेवढ्यातच आहे!